गारगोटी आणि शंख

शिरूर तालुक्यात घोड नदीच्या उजव्या काठावर इनामगाव आहे. गावाजवळच्या पांढरीच्या टेकाडांतून जे निघालं, त्यातल्या दोन प्रकारच्या वस्तूंपासून या प्रकरणाची सुरुवात करतो. पहिली म्हणजे गारगोटीची पाती. बोटाएवढी किंवा त्याहून लहान, दुधी रंगाची, उजेडाकडे धरली तर कडेने किंचित पारदर्शक. शास्त्रज्ञ या दगडाला कॅल्सिडोनी म्हणतात. दुसरी वस्तू म्हणजे समुद्रातल्या शंखापासून घडवलेले दागिने. तीन-साडेतीन हजार वर्षांपूर्वी एकाच वस्तीत ही दोन्ही नांदत होती. पाती ज्वालामुखीच्या पोटातली आणि शंख समुद्राच्या पोटातला.

शिरूर आणि दौंड म्हटलं की आपल्याला ऊस दिसतो, साखर कारखाना दिसतो, रांजणगावची औद्योगिक वसाहत दिसते, दौंडचं जंक्शन दिसतं. अष्टविनायकाच्या यात्रेला निघालेली गाडी रांजणगावला थांबते, सिद्धटेकला थांबते आणि मधला सगळा मुलूख खिडकीतून वाहून जातो. ‘इथं बघण्यासारखं काही नाही’ हे वाक्य मी याच तालुक्यांतल्या लोकांकडून इतक्यांदा ऐकलं आहे, की हे प्रकरण प्रथम त्यांच्यासाठीच लिहावंसं वाटलं. त्यांचं गाव एका प्रचंड ज्वालामुखीच्या पाठीवर वसलेलं आहे, आणि त्यांच्या शिवारातला प्रत्येक ओढा समुद्राकडे निघालेला आहे. तोही जवळच्या समुद्राकडे नव्हे, लांबच्या!

ज्वालामुखी म्हटला की शेंडीतून धूर सोडणारा शंकूसारखा डोंगर डोळ्यांपुढे येतो. दख्खनचा ज्वालामुखी तसा नव्हता. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी इथली जमीन लांबच लांब भेगांनी उलली आणि त्या भेगांतून पातळ लाव्हा बाहेर पडून दूरवर पसरत गेला. तो निवला, त्यावर काही काळ गेला, पुन्हा दुसरा लोट आला. असे थरावर थर साचत सह्याद्रीच्या बाजूला त्यांची जाडी जवळजवळ दोन किलोमीटर झाली. झीज होऊन आज जे उरलं आहे, तेच सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर भरतं. यवतजवळ उभं राहून भुलेश्वरच्या डोंगराकडे पाहा. पायऱ्या आणि सपाट माथा दिसेल. प्रत्येक पायरी म्हणजे लाव्ह्याचा एकेक लोट.

हे थर पुस्तकापेक्षा विहिरीत चांगले वाचता येतात. विहीर खणणाऱ्या माणसाला भूगर्भशास्त्र शिकवावं लागत नाही. वर काळी माती, मग मुरूम, मग ठिसूळ, भोकाभोकांचा आणि पांढऱ्या ठिपक्यांचा मांजऱ्या, त्याखाली सुरुंगाशिवाय न हलणारा काळा पाषाण. मधेच कधी विटेसारखा तांबडा पट्टा लागतो. हा पट्टा दोन उद्रेकांमधल्या शांततेची खूण आहे. खालचा लोट निवून उघडा पडला, हवापाण्याने कुजला, आणि मग वरून आलेल्या लोटाने त्याला झाकून भाजलं. मांजऱ्यातली भोकं म्हणजे लाव्ह्यात अडकलेल्या वायूचे बुडबुडे. पुढे लाखो वर्षं त्यांतून पाणी झिरपत राहिलं आणि त्या पोकळ्यांत पांढरे स्फटिक भरत गेले. कुठे झिओलाइट, कुठे गारगोटी. इनामगावच्या माणसाने ज्या गारगोटीची पाती काढली, ती अशाच बुडबुड्याच्या जागी घडली होती. विहिरीला पाणी लागेल की नाही, तेही हेच थर ठरवतात. अखंड काळ्या पाषाणात पाणी मुरत नाही. ते मांजऱ्यात, भेगांत आणि दोन लोटांच्या सांध्यात असतं. अवर्षणाच्या या पट्ट्यात, जिथे वर्षाला ५०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तिथे ६ कोटी वर्षांपूर्वीचा बुडबुडा घरात पाणी येणार की टँकर, हे ठरवत असतो.

आणि हा लाव्हा समुद्रापर्यंत गेला असावा. आंध्र प्रदेशात गोदावरीकाठी राजमहेंद्री आहे, तिथे जमिनीत बेसाल्टचे थर सापडतात. दख्खनच्या मुख्य प्रदेशापासून ते शेकडो किलोमीटर तुटलेले आहेत. त्यांची रासायनिक घडण पश्चिम घाटातल्या काही थरांशी इतकी जुळते, की हा लाव्हा इकडूनच, हजार किलोमीटर किंवा त्याहून अधिक वाट चालत, पूर्वेच्या किनाऱ्यापर्यंत पोचला असावा असं अनेक अभ्यासक मानतात. तसं असेल तर पृथ्वीवर माहीत असलेल्या सर्वांत लांब लाव्हाप्रवाहांत त्याची गणना होईल. आज भीमेचं पाणी त्याच दिशेने जातं. भीमाशंकराच्या डोंगरातून अरबी समुद्र सरळ रेषेत १०० किलोमीटरही नाही, पण तिथे उगवलेली भीमा त्याच्याकडे पाठ फिरवून निघते. पंढरपूर ओलांडून, ८६१ किलोमीटर वाहून, रायचूरजवळ ती कृष्णेला मिळते आणि कृष्णा हंसलदीवीला बंगालच्या उपसागरात शिरते. सगळं पठारच पूर्वेकडे कललेलं आहे. शिरूर-दौंडची माणसं मुंबईला कामाला जातात, त्यांचं पाणी मात्र आंध्रच्या किनाऱ्याला जातं.

त्याच उपसागराच्या पलीकडून एकदा काहीतरी इकडेही आलं. जुन्नर तालुक्यात कुकडीकाठी बोरी बुद्रुक नावाचं गाव आहे. १९८०च्या दशकात तिथे नदीच्या गाळात राखेचा थर ओळखला गेला. करड्या-पांढऱ्या रंगाचा, पिठासारखा मऊ. सूक्ष्मदर्शकाखाली त्यात काचेच्या फुटक्या बुडबुड्यांचे वाकडे तुकडे दिसतात. दख्खनचा ज्वालामुखी थंडावून तोवर कोट्यवधी वर्षं झाली होती, म्हणजे ही राख इथली नव्हे. काचेच्या रासायनिक घडणीवरून माग काढत शास्त्रज्ञ सुमात्रातल्या टोबा सरोवरापर्यंत पोचले. ते सरोवर म्हणजे ज्वालामुखीचं खचलेलं विवर, इथून तीन हजारांहून अधिक किलोमीटरवर. टोबाचा शेवटचा महास्फोट सुमारे ७४ हजार वर्षांपूर्वी झाला, पण त्याआधीही मोठे स्फोट झाले होते. बोरीची राख यांतल्या कोणत्या स्फोटाची, यावर वाद आहे. काहींच्या मते ती ७४ हजार वर्षांपूर्वीची, काहींच्या मते सुमारे ८ लाख वर्षांपूर्वीची. हा फरक कोरडा नाही. त्या गाळात आदिमानवाच्या दगडी कुऱ्हाडीही सापडतात, आणि राखेचं वय ठरलं की त्या कुऱ्हाडी धरणाऱ्या हातांचं वय ठरण्याला आधार मिळतो. अशीच राख बारामती तालुक्यात मोरगावला कऱ्हेच्या काठीही मिळाली आहे. मयूरेश्वराच्या दर्शनाला जाणारे हजारो लोक तिच्याजवळून जातात.

बोरीहून कुकडी खाली येते ती शिरूर आणि पारनेर या तालुक्यांच्या सीमेवर. इकडे टाकळी हाजी, तिकडे निघोज. दोन्ही काठांवर मळगंगा देवीचं ठाणं आहे आणि मधे नदीने कातळात रांजणच्या रांजण कोरून ठेवले आहेत. लोक या जागेला कुंड म्हणतात, शास्त्रीय लेखनात रांजणखळगे म्हणतात. माझ्या मते पुणे आणि अहिल्यानगर (पूर्वीचं नगर) जिल्ह्यांच्या सीमेवर याच्या तोडीचं नैसर्गिक दृश्य दुसरं नाही, आणि ते उन्हाळ्यातच पाहावं. पावसाळ्यात पाणी सगळं झाकून टाकतं.

वरच्या अंगाला नदी पसरट आणि साधी असते. काठाला शेतं, मळईची जमीन. कुंडाशी आल्यावर ती एकाएकी कातळात शिरते आणि अरुंद होते. पात्र अरुंद झालं की पुराच्या पाण्याला वेग येतो, आणि वेगाच्या पाण्याला खडकातली बारीकशी खाचसुद्धा पुरते. तिथे भोवरा धरतो. पाण्याबरोबर आलेला गोटा त्या भोवऱ्यात सापडला की बाहेर पडत नाही, गरगर फिरत खाचेच्या बुडावर घासत राहतो. पाऊस ओसरला की काम थांबतं. पुढच्या वर्षी पूर आला की पुन्हा सुरू. गोटा झिजून संपतो, पण खळगा आणखी खोल होतो आणि दुसऱ्या गोट्याची वाट पाहतो. आजही कोरड्या खळग्यात वाकून पाहिलं तर तळाशी गुळगुळीत गोटे पडलेले दिसतात. ते या कामावरचे मजूर. खळगे रुंद होत गेले की दोघांमधली भिंत पातळ होते, एके दिवशी फुटते आणि दोन रांजणांचा एक डोह होतो. अशा असंख्य भिंती फुटूनच मधली खोल, वेडीवाकडी घळ तयार झाली आहे. भिंतींवर हात फिरवला तर बेसाल्टची ओबडधोबड जात हाताला लागत नाही, जुन्या पाटा-वरवंट्याचा गुळगुळीतपणा लागतो. पाट्यावरही दगडानेच दगड झिजतो. हे तेच काम आहे, फक्त वाटणारे हात नदीचे.

कुकडीच्या उगमाकडच्या डोंगरात नाणेघाट आहे. सोपारा-कल्याणच्या बंदरांवरून आलेला माल सातवाहनांच्या काळी याच घाटाने जुन्नरला चढत असे. घाटाच्या माथ्यावर दगडात कोरलेला एक मोठा रांजण आहे. त्याची ओळख जकातीचा रांजण अशी सांगतात. नदीच्या वरच्या टोकाला समुद्राकडून येणाऱ्या वाटेवर माणसाने कोरलेला एक रांजण आणि खाली नदीने स्वतः कोरलेले शेकडो, ही जोडी मला फार आवडते. एकाच सहलीत दोन्ही पाहता येतात.

शिरूरच्या परिसरात कुकडीचं पाणी घोडनदीत येतं. शिरूरचं जुनं नावही घोडनदीच. चिंचणीचं धरण ओलांडून नदी खाली येते आणि आपण पुन्हा इनामगावच्या टेकाडांशी पोचतो.

गावकऱ्यांच्या भाषेत जमिनीचे दोन भाग असतात, काळी आणि पांढरी. काळीत पीक येतं, पांढरीत माणसं राहतात. पिढ्यान्‌पिढ्यांची राख, माती, शेण, पडक्या भिंती साचून वस्तीची जमीन पांढुरकी होते. वस्ती उठून गेली तरी पांढरीचा रंग राहतो. पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे ह. धी. सांकळिया, झेड. डी. अन्सारी आणि म. के. ढवळीकर यांनी १९६८ ते १९८३ या काळात ही पांढरी थराथराने उलगडली. महाराष्ट्रातल्या पहिल्या शेतकऱ्यांचं एक गाव इतक्या तपशिलाने दुसरीकडे कुठे फारसं समोर आलेलं नाही. इसवी सनापूर्वी सुमारे १६०० पासून ७०० पर्यंत, म्हणजे ९०० वर्षं, इथे माणसं नांदली.

त्यांनी शंभराहून अधिक घरं मागे ठेवली. आरंभीची घरं चौकोनी आणि ऐसपैस होती. एक घर तर पाच खोल्यांचं, धान्याच्या कोठाराशेजारी. ते गावप्रमुखाचं असावं असं मानतात. पुराचं पाणी वळवण्यासाठी दगडमातीचा बांध घातलेला, पाट खणलेला. जव, मसूर, कुळीथ अशी पिकं. घरातलं मूल दगावलं तर दोन मडकी तोंडाला तोंड लावून त्यांत त्याला ठेवत आणि घरातल्याच जमिनीखाली पुरत. आईला ते लांब जाऊ द्यायचं नसेल, यापलीकडे मला दुसरं काही सुचत नाही. मोठ्या माणसांना पुरताना पावलं तोडलेली आढळतात. मेलेल्याने गाव सोडून जाऊ नये म्हणून तसं केलं असेल, असा अभ्यासकांचा तर्क आहे. पाच खोल्यांच्या त्या घराच्या आवारात मात्र एक पुरुष चार पायांच्या मोठ्या रांजणात मांडी घालून बसवलेला सापडला. त्याची पावलं शाबूत होती. एका घराच्या जमिनीखाली मातीची झाकणाची पेटी निघाली. तिच्यात डोकं नसलेली स्त्रीची मूर्ती होती, आणि पेटीवर आणखी एक स्त्रीमूर्ती व बैल. ती कोण, तिला काय मागत असतील, हे ती माती सांगत नाही. पण बैलाशी तिचं नातं होतं, एवढं दिसतं.

पुढे इसवी सनापूर्वी १००० च्या सुमारास चित्र पालटलं. चौकोनी घरं गेली, लहान गोल झोपड्या आल्या. शेती मागे पडली, शेळ्यामेंढ्या आणि शिकार यांवर भार वाढला. अखेर वस्ती उठली. पाऊस कमी होत गेला, हे यामागचं मुख्य कारण असावं असं ढवळीकरांनी मांडलं. या भागातला शेतकरी हे वाचून चकित होणार नाही. लागोपाठ तीन वर्षं पाऊस हुकला की घर कसं लहान होतं, गुरं कशी विकली जातात आणि शेळी कशी उरते, हे त्याने आजोबांकडून ऐकलेलं असतं.

घोड पुढे दौंडच्या वरच्या अंगाला भीमेला मिळते. त्याआधीच रांजणगाव सांडसजवळ मुळा-मुठा पुण्याचं सगळं पाणी घेऊन आलेली असते, चांगलं आणि वाईटही. या भीमेच्या काठाने गेलं की इतिहास दगडात भेटत जातो. वढू बुद्रुकला छत्रपती संभाजी महाराजांची समाधी आहे. १६८९ च्या फेब्रुवारीत कोकणात संगमेश्वरला ते पकडले गेले आणि घाट चढवून त्यांना भीमेच्या उत्तर काठावरच्या पेडगावला, बहादूरगडात, औरंगजेबासमोर आणलं गेलं. ११ मार्च १६८९ रोजी नदीच्या वरच्या अंगाला त्यांची हत्या झाली. दौंड तालुक्याच्या काठावरून पलीकडे पाहिलं की पेडगावच्या भुईकोटाच्या भिंती दिसतात. आत यादवकालीन मंदिरं पडक्या अवस्थेत उभी आहेत. लक्ष्मीनारायणाच्या मंदिरावरचं बारीक काम पाहिलं की सुरुंगाला दाद न देणाऱ्या त्याच काळ्या पाषाणाला पाथरवटाची टाकी किती मऊपणे वागवू शकते, ते कळतं. भुलेश्वराच्या भिंतींवरही हाच अनुभव येतो.

थोडं खाली सिद्धटेक. अलीकडचं शिरापूर दौंड तालुक्यात, पलीकडचा सिद्धिविनायक अहिल्यानगर जिल्ह्यात. आता पूल झाला आहे, पण ज्यांनी लहानपणी होडीतून भीमा ओलांडून दर्शन घेतलं, ते सांगताना गणपतीइतकाच वेळ होडीवर घालवतात. नदीतून जाताना तिच्या रुंदीचा अंदाज येतो, तो पुलावरून येत नाही.

या प्रदेशाला समुद्राशी घट्ट बांधलं ते रेल्वेने. १८५८ मध्ये मुंबईची गाडी पुण्याच्या पुढे दौंडवरून दिक्सळपर्यंत गेली. १८७८ मध्ये दौंड-मनमाड मार्ग झाला आणि दौंड जंक्शन बनलं. रुळांखालची खडी उचलून पाहावी. तो फोडलेला लाव्हाच आहे. प्रवाशांना घेऊन धडधडत जाणारी प्रत्येक गाडी या ज्वालामुखीवरूनच जाते.

दिक्सळपाशी आता उजनीचं पाणी आहे. १९८० मध्ये धरण पुरं झालं आणि भीमा इथे तलाव झाली. जुन्या पुलापाशी हिवाळ्यातल्या सकाळी गेलं तर पाण्यावर पांढरे पक्षी गोंगाट करत घिरट्या घालताना दिसतात. ते कुरव. बंदरावर मासळीच्या होड्यांमागे उडतात तेच. त्यांतला तपकिरी डोक्याचा कुरव लडाख-तिबेटकडच्या उंच सरोवरांवर जन्मतो आणि थंडीत आपल्या किनाऱ्यांवर उतरतो. उजनीला तो किनारा समजून राहतो. जवळच भिगवण-कुंभारगावच्या उथळ पाण्यात रोहित पक्ष्यांचे थवे गाळ चाळत असतात. एप्रिलनंतर पाणी फार उतरलं की पळसदेवचं बुडालेलं पळसनाथाचं मंदिर वर येतं आणि माणसं पाण्यातून चालत दर्शनाला जातात.

तलावाच्या तळाशी दरवर्षी गाळ बसतो. सह्याद्रीचा लाव्हा झिजून झालेली माती, कुकडीच्या रांजणांतून निघालेली दगडाची पूड, सगळं इथे थांबतं. पूर्वी हे पूर्वेच्या किनाऱ्याला जाऊन कृष्णेच्या मुखाशी नवी जमीन घालत असे. भीमा-कृष्णेवर धरणं झाल्यापासून तिथे पोचणारा गाळ फार घटला आणि मुखाजवळचा किनारा झिजू लागला. इकडे पाणी मागे हटलं की उघड्या पडलेल्या काळ्या तळावर भेगा पडतात, आणि काठची माणसं त्यावर गाळपेर करतात. खत फारसं लागत नाही. जूनमध्ये घाटावर पाऊस सुरू होऊन पाणी परत चढायला लागायच्या आत पीक काढून घ्यावं लागतं, म्हणून मे महिन्याच्या अखेरीस तिथे दिवसभर लगबग असते.